ललकारीवाल्याचा कोट

३ फेब्रुवारी

खारूताईस,

मावशीचे आशीर्वाद, आणि सोबत एक काम. दोन्ही फुकट.

फोन केला नाही, कारण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते. त्यापेक्षा हे टाइप करणं बरं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर अक्षरं ही एवढी मोठी करून घेतलीत. डोळ्यांचं थोडं चाललंय, विशेष काही नाही.

विषय दुकानाचा. नाटकवाल्यांना कपडे भाड्यानं द्यायचं हे दुकान आम्ही दोघांनी उभं केलं, आणि हे गेल्यापासून मी एकटीनं चालवलं. तू लहानपणी झग्यांच्या आत शिरून लपायचीस ते हेच. कुठला कपडा कुठे आहे हे फक्त मला ठाऊक, कारण मी कपडे मापानं लावत नाही की रंगानं लावत नाही. एका नाटकाचा एक संच, आणि संचात पात्रं ज्या क्रमानं रंगमंचावर येतात त्या क्रमानं त्यांचे कपडे. दांडीच्या कडेनं चालत गेलं की नाटक सुरू होऊन संपतं. दुसऱ्याला हे कळत नाही, त्याला मी काय करू?

तुझ्या दादाला मात्र हेच खुपतंय. पोटचा मुलगा, पण बोलतो बँकेच्या साहेबासारखं. म्हणे, "आई, हे दुकान नाही, हे तुझं डोकं आहे. तू अंथरुणाला खिळलीस की दुसऱ्या दिवशी कुलूप." मी भांडले. शेवटी त्यानं अट घातली. मोठ्या नाट्यगृहात दरबाराचं जुनं नाटक पुन्हा उभं राहतंय, राजापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे कपडे आपल्याकडून. हे एक नाटक मला एकदाही न विचारता दुकानातून पूर्ण बाहेर पडलं, तर दुकान चालू. नाही तर सगळा माल चिंध्यांच्या व्यापाऱ्याला.

त्यानं "चिंध्या" म्हटलं, खारे. राणीच्या झग्याला.

तू वेबसाइटी करतेस ना? मग मला अशी एक करून दे, की मी नसताना कोणालाही कपडा सापडला पाहिजे.

तुझी,
मावशी

---

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि "चिंध्या" या शब्दाला मोठ्यानं "अरे!" म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे लोक अजून माझ्याकडे संशयानं बघतायत.

करून देते. पण आधी तुझ्या डोक्यातलं बाहेर काढावं लागेल. प्रत्येक कपड्याची माहिती हवी, आणि ती ठरलेल्या खान्यांमध्ये: प्रकार, माप, लांबी, रंग, कुठल्या नाटकातला, कुठल्या पात्राचा. एकदा हे खाने नीट भरले की कॉम्प्युटरला काहीही विचारता येतं. "लाल रंगाचे, गुडघ्याखाली येणारे, जाड माणसाला होणारे सगळे कोट दाखव" म्हटलं की तो निमूटपणे तेवढेच काढून दाखवतो. आम्ही त्याला क्वेरी म्हणतो. तू त्याला "काय हवंय ते नीट सांगणं" म्हण. ते तुझ्या गिऱ्हाइकांना कधीच जमलेलं नाही.

माहिती भरायला एक फॉर्म केलाय, लिंक खाली आहे. इस्त्रीवाल्या काकांना बरोबर घे. त्यांनी फोटो काढायचे, तू सांगायचं. आणि दादाला सांग, मी आता तुझ्या बाजूनं उतरलेय.

तुझी,
खार

---

२० फेब्रुवारी

खारूताईस,

भरलं बाई सगळं. इस्त्रीवाले काका आणि मी, दोघांच्या नाकी नऊ आले. पंचवीस वर्षं त्यांनी या कपड्यांना इस्त्री केली, पण फोटो काढायचा म्हटल्यावर प्रत्येक कोटाला पुन्हा इस्त्री करूनच मग काढला. म्हणाले, "मुलगी मोठ्या कंपनीत आहे, चुरगळलेलं कसं दाखवायचं?"

रंगाच्या खान्यावरून आमचं भांडण झालं. ते "मळखाऊ" असं लिहितात. मी म्हटलं, हा रंग आहे का? ते म्हणाले, मग काय चव आहे?

नाटकाच्या खान्याचं असं केलं. माझ्याकडे प्रत्येक नाटकाचा एक रंगीत धागा ठरलेला आहे. कपडा ज्या ज्या नाटकात गेला, त्या त्या नाटकाचा धागा त्याच्या कॉलरच्या आत एक टाका घालून ठेवायचा. दरबाराचा निळा, सर्कशीच्या नाटकाचा हिरवा, असं. काही कोटांच्या कॉलरीत सात-सात धागे आहेत, एवढं त्यांनी आयुष्य बघितलंय. काकांनी कॉलर उलटून धागे वाचले, मी नाटकांची नावं सांगितली. तुझ्या फॉर्मात एकच नाव बसत होतं म्हणून पहिल्या धाग्याचं भरलं आणि बाकीचे शेरा म्हणून खाली लिहिले, आणि प्रत्येक पात्र नाटकात कितवं येतं तो आकडाही.

दादा येऊन बघून गेला. जाताना दोन कॉलरी उलटून बघितल्या. गुपचूप तपासणं त्याला बापाकडून आलंय.

मावशी

---

२७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या शेऱ्यांनी मला वाचवलं! ऐक कसं ते.

पहिल्यांदा मी विचारलं, "दरबाराच्या नाटकातले सगळे कपडे दाखव." पडद्यावर राजा आला, राणी आली, प्रधान आला आणि पुढे शुकशुकाट. अर्धा दरबार गायब! मी कपाळावर हात मारून घेतला. चूक माझी होती. मी माहितीचं झाड असं केलं होतं, की एका नाटकाची एक फांदी आणि कपडा त्या एकाच फांदीला. पण तुझे कपडे एका फांदीवर बसणारे नाहीत. सैनिकाचा अंगरखा आधी दरोडेखोराचा होता, मग वराचा, मग दरबारातला. तो दरोडेखोराच्या फांदीवर निवांत बसला होता आणि मी त्याला दरबारात शोधत होते.

मग खाली तुझे शेरे दिसले. मी सगळं मोडून पुन्हा बांधलं. आता कपडा स्वतंत्र, आणि त्याला हवे तेवढे धागे. अगदी तुझ्या कॉलरीसारखं. पुन्हा विचारलं आणि दरबार भरला. मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या, मावशी, खरंच वाजवल्या.

रंगांवरही हात फिरवलाय. काकांचे सगळे "मळखाऊ" मी "तपकिरी" केलेत, पण शोधताना कोणी "मळखाऊ" लिहिलं तरी तेच सापडतील. काकांना सांग, त्यांचा रंग अधिकृत झाला.

पान तयार आहे, उघडून बघ. सध्या सगळे कपडे लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत दिसतील, आणि एका मापात आखूड ते लांब. बघायला सोपं जातं म्हणून तसं ठेवलंय. कसं वाटलं ते कळव.

तुझी,
खार

---

५ मार्च

खारूताईस,

पान बघितलं. जीव सुखावला. माझं अख्खं दुकान त्या एवढ्याशा काचेत! राणीचा झगा बोटानं मोठा करून बघितला, तर त्याची जर अजून चमकते. काकांनी तर नमस्कारच केला पडद्याला.

आणि तू खूश होशील असं एक काम करून टाकलंय. पडद्यावर माप आणि लांबी या क्रमानं कपडे दिसतात आणि दुकानात मात्र नाटकाच्या क्रमानं, हे काही मला पटेना. माणूस पडद्यावर बघणार एक आणि दांडीवर सापडणार भलतंच. ही गिऱ्हाइकाची फसवणूक झाली. म्हणून काका आणि मी मिळून अख्खं दुकान उतरवलं आणि पुन्हा लावलं. लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत, एका मापात आखूड ते लांब. एक हँगर इकडचा तिकडे नाही. काचेत आहे तेच दांडीवर.

पाठ मोडून गेली, पण करून दाखवलं. कशी आहे मावशी?

मावशी

---

५ मार्च, संध्याकाळ

मावशी!

काय केलंस तू हे!

अगं, पडद्यावरची रांग ही नुसती दाखवायची रांग. एक बटण दाबलं की मापानं, दुसरं दाबलं की रंगानं, तिसरं दाबलं की तुझ्या नाटकाच्या क्रमानं. आतली माहिती जागची हलत नाही, फक्त तिचं रूप पालटतं. त्यासाठी दुकान उतरवायची काही म्हणजे काहीही गरज नव्हती! मी हे आधी नीट सांगायला हवं होतं. मला वाटलं हे उघड आहे. उघड कसलं, आमच्यासारख्या खुर्चीत बसून कपडे हलवणाऱ्यांना उघड.

तुझी इतक्या वर्षांची मांडणी, ती दांडीच्या कडेनं चालत जाणारी नाटकं, सगळी मोडली. मला रडू येतंय. परत तशीच लावता येईल का? मी रजा काढून येऊ?

खार

---

६ मार्च

खारे,

रडू नको. आणि येऊही नको, कारण येऊन उपयोग नाही.

आता खरं सांगते. डोळ्यांचं "विशेष काही नाही" असं लिहिलं होतं, ते खोटं. मोतीबिंदू पिकलाय. सोमवारी ऑपरेशन आहे, आणि पुढे पंधरा दिवस दुकानाच्या धुळीत पाऊल टाकायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम. नाट्यगृहाची गाडी गुरुवारी येणार. म्हणजे दादाची अट दादानं न घालताही पुरी होणार. मी नसणारच.

आणि दुकान मी नुसतं पडद्याला शोभावं म्हणून उलटवलं नाही. मला धागे दिसेनासे झालेत. निळा आणि हिरवा दोन्ही एकच राखाडी. दांडीच्या कडेनं चालायचे, पण कुठलं नाटक चालू आहे तेच कळायचं नाही. चाचपडून हाताला राजा लागला म्हणावं तर तो सर्कशीतला विदूषक निघायचा. माप मात्र हाताला कळतं गं. खांदा धरला की माप सांगते, हात खाली सोडला की लांबी सांगते. तुझं पान बघितलं आणि वाटलं, ही एक मांडणी तरी मला आंधळेपणी जमेल.

दादा दुकानात आला, दांड्या बघितल्या आणि म्हणाला, "आई, तूच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास."

मला भीती वाटतेय, खारे. ऑपरेशनची नाही. दुकानात परत येईन तेव्हा दांड्या रिकाम्या असतील, याची.

मावशी

---

७ मार्च

माझ्या प्रिय, खोटारड्या मावशी,

आधी रागावून घेते. डोळ्यांचं लपवायचं असतं का? झालं, रागावले. आता बस आणि अक्षरं हवी तेवढी मोठी करून वाच.

तू धोंडा पाडून घेतलेला नाहीस. तू मला जे हवं होतं ते नेमकं करून ठेवलंयस, आणि मला ते हवं होतं हे मलाच कळलं नव्हतं.

बघ हं. माझ्याकडे कपड्याचं सगळं होतं. रंग, पात्र, धागे. फक्त तो दुकानात टांगलाय कुठे, हे कुठल्याच खान्यात नव्हतं. ते तुझ्या डोक्यात होतं. गाडी आली असती आणि मी पडद्यावर अख्खा दरबार काढून दिला असता, तरी काका दांड्यांमधून "कुठाय, कुठाय" करत फिरले असते. कारण दरोडेखोराच्या संचातला अंगरखा दरोडेखोराजवळ टांगलेला की वराजवळ, हे तुलाच ठाऊक. दादा जिंकला असता.

आणि आता? आता दुकान माप आणि लांबी यांच्या क्रमानं उभं आहे. माप आणि लांबी प्रत्येक कपड्याची माझ्याकडे आहे. म्हणजे कुठला कपडा कुठे टांगलाय हे मला इथे बसून सांगता येतं! तू नकळत दुकानातल्या कपड्यांना पत्ते देऊन टाकलेस.

तर मी असं केलंय. "निळा धागा असलेले सगळे" ही एकच क्वेरी, पण तिची पानं दोन. पहिलं काकांसाठी, मापाच्या क्रमानं. काकांनी दुकानाच्या एका टोकाला उभं राहायचं, फोन हातात धरायचा आणि चालत सुटायचं. कपडे वाटेत ओळीनं लागत जातील, मागे वळायलाच नको. दुसरं पान नाट्यगृहासाठी, आणि ते तुझ्या क्रमानं: कोण आधी रंगमंचावर येतो, कोण नंतर. तुझी मांडणी मोडली नाही, मावशी. ती आता दुसऱ्या पानावर राहते.

काकांना एवढंच सांग, की दांडीवर माप बदलेल तिथे मापाची चिठ्ठी लावायची. बाकी तू डोळे मिटून पड. अगदी शब्दशः.

तुझी,
खार

---

१३ मार्च

खारे,

मी दादा. आईला अजून स्क्रीनसमोर बसू देत नाहीत, म्हणून काल काय झालं ते मी कळवतोय. मला पत्रं लिहायची सवय नाही, गोड मानून घे.

ऑपरेशन छान झालं, पण वय बघून डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलंय. आई नर्सबाईंना गाऊन नीट शिवलेला नाही असं ऐकवते आहे, त्यावरून ओळख.

काल गाडी यायच्या आधी काका फोन घेऊन दुकानाच्या टोकाला उभे राहिले. मी खुर्ची टाकून बसलो होतो, खरं सांगायचं तर गंमत बघायला. काका चालायला लागले. चिठ्ठी वाचायची, दोन-तीन हँगर सरकवायचे, फोटोशी ताडून बघायचं, काढायचं, पुढे. मी एकटक बघत राहिलो. या दुकानात मी लहानाचा मोठा झालो, पण आईशिवाय कोणी इथे सरळ चाललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सगळे तिला हाका मारत मारतच चालायचे. थोड्या वेळानं मी खुर्ची सोडून दुसरी बाजू धरली. मलाही सापडत होते, खारे. मला! राणीचा झगा मी काढला.

सगळा दरबार गोळा झाला आणि एक कमी निघाला. ललकारीवाल्याचा कोट. म्हणजे पडदा उघडताच पुढे येऊन राजा येत असल्याची वर्दी देतो तो. लाल, लांब, सोनेरी बटणांचा. पान सांगत होतं त्या जागी रिकामा हँगर. खाली पडला म्हणून शोधलं, मागे गेला म्हणून शोधलं, नाही. आणि तो नाही तर नाटक सुरूच होत नाही.

काका म्हणाले, "बाईंना फोन लावू?" मी खिशात हात घातलाही होता. अट माझीच होती, तरी माझाच हात फोनकडे गेला. मग म्हटलं थांबा. तुझं शोधायचं पान उघडलं आणि धाग्याचं काही न सांगता नुसतं लिहिलं: लाल, लांब, तेच माप. तीन कोट आले. त्यातला एक सर्कशीच्या नाटकातल्या बँडमास्तरचा. काढून आणला तर त्याच्या खांद्यांवर झुलणाऱ्या झालरी! नाट्यगृहाच्या दिग्दर्शकबाई गाडीबरोबर आल्या होत्या. त्यांनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा इतके दिवस कुठे होता? जुन्यापेक्षा हाच हवा."

गाडी भरून गेली. आईला एकदाही विचारलं नाही.

चिंध्यांच्या व्यापाऱ्याला मी काल नाही म्हणून कळवलं. आईला मी काय बोललो होतो ते आठवतं, आणि लाज वाटते. दुकान चालू राहणार. शनिवारी मी स्वतः बसणार आहे, काका मला इस्त्री शिकवतायत.

तो जुना कोट कुठे गेला ते मात्र अजून कळत नाही.

दादा

---

३० मार्च

खारूताईस,

मावशीचे आशीर्वाद, यावेळी नव्या डोळ्यांनी. अक्षरं पुन्हा बारीक केलीत. काल नाटकही बघून आले. पडदा उघडला, ललकारीवाला पुढे आला, खांद्यावरच्या झालरी झुलल्या, आणि शेजारी बसलेला दादा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "हा मी शोधला." तीनदा म्हणाला.

पट्टी काढल्यावर मी आधी दुकानात गेले. डॉक्टरांना सांगू नकोस. कॉलरी उलटून धागे बघितले. निळा निळा होता आणि हिरवा हिरवा. दांडीशी उभी राहून रडले आणि काकांनी मला पाणी आणून दिलं, वर म्हणाले, "बाई, डोळ्यांना नवीन आहे, जपून वापरा."

दुकान परत लावायचं नाही असं मी ठरवलंय. आहे तसंच बरं. कोणीही येतं, चालत जातं, घेऊन येतं. नाटक बघावंसं वाटलं की मी तुझं दुसरं पान उघडते आणि बोटानं सरकवत नेते. पाठही दुखत नाही.

आता तो जुना कोट. दादाला अजून सापडलेला नाही, आणि तुझ्या पानालाही सापडणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तो घरी नेऊन माझ्या कपाटात ठेवला. मुद्दाम. सगळ्यात आधी रंगमंचावर येणाऱ्याचाच कोट निवडला, कारण त्याच्यावाचून अडणारच. वाटलं, एकदा तरी फोन वाजेल. एकदा तरी कोणी म्हणेल, "आई, सांग ना." इस्पितळात पडून मी दिवसभर कान फोनकडे लावून होते, हा असा निम्मा ऐकणारा कान. फोन वाजलाच नाही. संध्याकाळी दादा आला तो हसतच आला, आणि लहानपणी शर्यत जिंकून यायचा तसा सगळं एका दमात सांगू लागला.

मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं गं. माझ्यावाचून अडलं नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं की नर्सबाईंच्या गाऊनचीही मी स्तुती केली.

एक काम कर. बँडमास्तरच्या कोटाच्या नावापुढे एक निळा धागा वाढव. कपडे प्रयोगाहून परत आले तसा कॉलरीत मी आज सकाळी घातला, सुई पहिल्या खेपेला ओवून. आणि जुना कोट शोधत असाल तर तो माझ्या अंगावर आहे. लाल, लांब, सोनेरी बटणांचा. हे पत्र मी तो घालूनच लिहितेय, कॉम्प्युटरचं टेबल दुकानाच्या दारात ओढून आणि खुर्ची टाकून, आणि येणारी-जाणारी माणसं वळून वळून बघतायत. बघू देत. वर्दी देणाऱ्याचा कोट आहे, तर वर्दी दिलीच पाहिजे.

दुकान उघडं आहे!

तुझी,
मावशी